माझ्याच दहाव्याला

माझ्या अंत्यक्रियेचा बेत मला प्रथम कळला तो ती क्रिया करणाऱ्या गुरुजींकडून, आणि तेही त्यांना विधी नीट येत नव्हता म्हणून.

सकाळची वेळ होती. मी सज्ज्यात धोतर वाळत घालत होतो. गुरुजी हातात हेल्मेट घेऊन दारात उभे राहिले. त्यांना गुरुजी म्हणायचे ते सुटीच्या दिवशी; एरवी ते खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. जळगावकडून नोकरीसाठी आलेले हे तरुण गृहस्थ सिल्वासातल्या मराठी घरांतले सत्यनारायण, वास्तुशांती आणि श्राद्धे शिफ्ट सांभाळून करतात. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. काही वर्षे त्यांचे उच्चार मी तपासून दिले होते, म्हणून ते मला सर म्हणतात.

"सर, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "जिवंत माणसाची क्रिया करायची असली, तर कशी करतात?"

"कोणाची करायची आहे?"

त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतले. "तुमचीच ना, सर."

मी त्यांना आत बोलावले, बसवले आणि चहा ठेवला. आपल्या मरणाची वार्ता घेऊन आलेल्या माणसाला उभ्या उभ्या परत पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही. चहा समोर आल्यावर त्यांनी एकदा दाराकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी पितो, सर. फक्त सोसायटीत कोणाला बोलू नका."

या दबल्या आवाजामागची हकीकत थोडी मागे जाऊन सांगितली पाहिजे.

उभी हयात मी नाशिकच्या एका शाळेत संस्कृत शिकवले. पत्नी गेल्यावर माझा धाकटा भाऊ मला सिल्वासाला घेऊन आला. तो गलोंड्याच्या एका कारखान्यात मॅनेजर आहे. त्याने आपल्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत मला घर पाहून दिले. मला आणि पत्नीला मूलबाळ नव्हते, तेव्हा कुटुंब म्हणून तोच. कारखान्याच्या सुटीच्या दिवशी तो माझ्याकडे जेवायला येई. आमटी मी करी. आईच्या हातची आमटी आता फक्त मलाच येते, हे तो स्वतःच्या घरी मोठ्याने सांगत असे आणि त्यामुळे भावजयीचे माझ्याविषयी थोडे वाईट मत होते.

सकाळी फिरायला मी खेरडीच्या बाजूला जात असे. शेतांच्या कडेला पत्र्याच्या छपराचे एक प्रार्थनाघर आहे. एकदा ऊन लागले म्हणून मी त्याच्या ओट्यावर टेकलो. आत कारखान्यांतले खानदेशी कामगार आणि आसपासची वारली माणसे गात होती. सूर कुणाचा कुणाला लागत नव्हता. एका बाईने प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बसा बाबा. इथं समदेच थकून येतात." मी कोण, कुठला, हे तिने विचारले नाही. मी बसलो. आनंद या शब्दाची व्युत्पत्ती मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या तापलेल्या पत्र्याखाली तो शब्द नसून वस्तू आहे असे मला प्रथमच जाणवले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. पुढे किती गेलो, किती वाचले, किती वाद स्वतःशी घातले, ते इथे सांगत बसत नाही. स्वकीयांनीच ज्याला नाकारले त्या प्रभूपाशी मी शेवटी येऊन थांबलो. शेतातल्या सिमेंटच्या हौदात माझा बाप्तिस्मा झाला. त्या पाण्यात जुना माणूस पुरला जातो आणि नवा वर येतो, अशी आमची श्रद्धा आहे. माझे संस्कृत मात्र त्या पाण्यात वाहून गेले नाही. प्रार्थनेला बसलो की आजही ते आधी जिभेवर येते, आणि माझ्या प्रभूची त्याला हरकत असल्याचे अद्याप दिसलेले नाही.

सोसायटीची हरकत होती. ज्यांच्याशी मी या विषयावर चकार शब्द बोललो नव्हतो, ती पुण्या-मुंबईची सुशिक्षित मंडळी माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढेनाशी झाली. मी वरच्या मजल्यावर राहतो. त्यामुळे माझ्या धर्मांतराचा पहिला ऐहिक परिणाम असा झाला, की दुखऱ्या गुडघ्यांसाठी लिफ्ट मला नेहमी रिकामी मिळू लागली आणि धडधाकट इंजिनिअर जिन्याने धापा टाकत जाऊ लागले. गणपतीत मंडळाचे दोन सभासद आले आणि म्हणाले, "काका, यंदा तुम्ही मंडपात नको. पण मंत्रपुष्पांजली कुणालाच पाठ नाही. तुम्ही पडद्यामागे बसून सांगाल का? आवाज आत आला तर चालेल. तुम्ही नाही आलात म्हणजे झालं." मी हात जोडून नको म्हटले. त्या दोघांना माझा नकार फार लागला. मी त्यांना टाकले, असे ते बरेच दिवस सांगत होते.

हे सारे मला सोसले, कारण त्यात थोडी करमणूकही होती. भावाचे सोसवत नव्हते. तो भांडला नाही, ओरडला नाही. फक्त येईनासा झाला. त्याच्या सुटीच्या दिवशी मी सवयीने दोघांची आमटी करी, दोन पाने मांडी, आणि दुपार कलली की दुसऱ्या पानातले अन्न डब्यात घालून खाली वॉचमनला नेऊन देई. पत्नी गेल्यानंतर ज्याच्या शेजारी बसून जेवावे असा जगात मला एकच माणूस उरला होता. मी देवाकडे दुसरे काही मागत नव्हतो. त्याने येऊन माझ्या घरी पानावर बसावे, एवढेच मागत होतो.

आणि लिहिताना संकोच वाटतो, पण खरे ते लिहिले पाहिजे: आनंद गेला नाही. मी त्याची वाट पाहत होतो, की आता जाईल, आता जाईल. सकाळी उठून प्रार्थनेला बसलो की तो आपला होताच. दुःखही होते. दोघे माझ्या घरात एकमेकांना अडचण न करता राहत होते.

आता गुरुजींच्या चहाकडे येतो. माझ्या पुतणीचे लग्न नाशिकच्या एका घरात ठरत होते. मुलगा तिनेच निवडलेला, शिकताना ओळख झालेला. सगळे जुळले, पण मुलाच्या आजोबांना माझ्याविषयी कळले. ते अत्यंत कर्मठ. ज्या घरातला वडीलधारा ख्रिस्ती झाला, त्या घराशी सोयरीक नाही, असे त्यांनी सांगितले. मग पुष्कळ खल होऊन त्यांनीच तोड काढली: घराने मला मेलेला समजून माझी क्रिया करावी. ती आजोबा स्वतः सिल्वासाला येऊन पाहणार होते.

"धाकटे साहेब तयार झाले, सर," गुरुजी म्हणाले. "रडले, पण तयार झाले."

"कुठे रडला?"

"त्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमागे. मला बोलवून घेतलं होतं. तुमच्याशी बोलायची हिंमत होत नाही म्हणाले."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग विषय शास्त्राचा होता, म्हणून शास्त्राप्रमाणे उत्तर दिले. "असा विधी आहे. पाण्याचा घट भरून ठेवतात आणि नातलगांसमोर तो पायाने लवंडतात. संपलं. पिंड नाही, कावळा नाही."

"तिथंच तर गडबड आहे ना, सर. आजोबा बोलले, घडे लवंडून माणूस मरत नसतो. दहाव्याचा पिंड पाहिजे. कावळा शिवला की मी मानेन. आणि खरं सांगू का, मला पण दहाव्याचाच विधी येतो."

"मग दहाव्याचाच करा."

"तुम्हाला चालेल?"

"माझं एकदा झालंच आहे. मी पुरला गेलो आहे."

गुरुजींचा कप ओठाशीच थांबला. "कुठं, सर?"

"खेरडीला. हौदात."

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि लिफ्टची वाट न पाहता ते जिन्याने उतरून गेले.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला. ती भयंकर रागावली होती. "काका, हे काय वेड्यासारखं चालवलंय यांनी? मी मोडते लग्न."

"मुलगा तुला आवडतो ना?"

"हो."

"त्याला या कावळ्याबिवळ्याचं काही आहे का?"

"काका, त्याला कावळा आणि कोकिळा वेगळी ओळखता येत नाही."

"मग मोडू नकोस. मला मरायला काहीही त्रास नाही, बाळ."

ती रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. माझ्या बाजूने तो विषय संपला.

ठरलेल्या दिवशी मंडळी दमणगंगेच्या घाटावर गेली. मी अर्थात घरी होतो. मृताने क्रियेला हजर राहण्याची प्रथा नाही. मी प्रार्थना केली, डाळ शिजायला लावली, आणि इतक्यात फोन वाजला.

"सर, अर्जंट आहे," गुरुजींचा आवाज कुजबुजता होता. "कावळा शिवत नाही."

"थांबा थोडं."

"केव्हाचे थांबलोय, सर. माझी सेकंड शिफ्ट आहे. आजोबा बोलतात मयताची इच्छा राहिली असणार. साहेबांनी सगळं कबूल करून पाहिलं. आता… तुम्हालाच विचारतो. तुमची काही इच्छा राहिली आहे का?"

"नाही. मी सुखात आहे म्हणून सांगा."

फोनमागून एक करडा, म्हातारा आवाज आला. "काय म्हणतोय?"

"सुखात आहे म्हणतात."

"खोटं बोलतोय मयत! सुखात असता तर कावळा शिवला नसता का?"

फोन बंद झाला. मी डाळीखालचा गॅस बंद केला. त्या म्हाताऱ्याचे बोलणे मला खटकले, कारण ते निम्मे खरे होते. मी सुखात होतो हे खरे. माझी इच्छा राहिली नव्हती हे खरे नव्हते. मेलो तरी खोटे बोलण्याची मुभा मला नव्हती. मी चपला घातल्या, रिक्षा केली आणि घाटावर गेलो.

घाटाच्या वरच्या पायरीवर बसून मी खाली पाहिले. पाण्याजवळ पत्रावळीवर पिंड मांडलेले, त्यांवर तीळ, फुले. गुरुजी पंच्यावर टॉवेल गुंडाळून आकाशाकडे पाहत होते. आजोबा एका प्लास्टिकच्या स्टुलावर ताठ बसले होते. आणि पाठमोरा माझा भाऊ. त्याने क्षौर केले होते. कारखान्यात चारशे माणसांवर ओरडणारे ते डोके गुळगुळीत उघडे होते आणि मानेवरून उन्हात घाम ओघळत होता. लहानपणी मीच त्याला न्हाव्याकडे धरून बसवीत असे. तेव्हाही मागून तो असाच दिसे.

कावळे नव्हते असे नव्हे. पलीकडे बाकाजवळ कुणी सहलीवाल्यांनी फाफड्याचा पुडा अर्धा टाकून दिला होता, आणि सिल्वासातले यच्चयावत कावळे तिथे जमले होते.

"इकडचे कावळे पण गुजराती झालेत," आजोबा म्हणाले. "भात ओळखत नाहीत."

"काव, काव," गुरुजींनी केविलवाणी साद घातली.

भाऊ हात जोडून पिंडाशी बोलत होता. त्याचा आवाज बसला होता. "दादा, मुलीचं लग्न थाटात करीन. दादा, तुझ्या पोथ्यांना वाळवी लागू देणार नाही. दादा, वहिनीचा फोटो माझ्याकडे नेऊन लावीन." कावळे फाफडा खात राहिले. तो थोडा थांबला आणि हताशपणे म्हणाला, "दादा, तुझ्या गीझरचा थर्मोस्टॅट बदलून देईन रे."

"मयताला गीझर?" आजोबांनी विचारले.

"गरम पाणी लागायचं त्याला," भाऊ म्हणाला.

इतक्यात घाटावर फिरायला आलेले एक गुजराती सद्गृहस्थ माझ्या पायरीशी थबकले. त्यांनी खालचा विधी पाहिला, चेहरा गंभीर केला आणि अदबीने मला विचारले, "कोण ऑफ थई गया, काका?"

कोण वारले, असे विचारत होते ते. मला दुसरे उत्तर सुचेना. "मीच," मी म्हणालो.

त्यांनी सवयीने हात जोडले. "ओम शांती." दहा पावले पुढे गेले. थांबले. वळून माझ्याकडे पाहिले, पिंडाकडे पाहिले आणि चालण्याचा वेग खूपच वाढवला.

तेव्हा मला हसू आले. माझ्या पिढीच्या शिक्षकाला चारचौघांत मोठ्याने हसण्याचा सराव नसतो. पण ते आतून, पोटातून, आवरता येऊ नये असे आले. मला माझ्याच लोकांनी मेलेला ठरवले होते, तिलांजली देऊन झाली होती, माझ्या नावाने भाताचे गोळे उन्हात वाळत होते. आणि मी पायरीवर बसून हसत होतो, अंगावर ऊन होते, नदी समोर होती. मला आता कोणी आणखी काय करणार? जे काढून घेता येते ते सगळे काढून झाले होते, आणि तरी काही उरले होते. ते माझे नव्हते, मला दिलेले होते, म्हणून कोणाला काढून घेता येत नव्हते. मी डोळे मिटून प्रभूचे आभार मानले. त्यातही मध्येच हसू फुटले. ते त्याने समजून घेतले असावे.

गुरुजींनी मला पाहिले आणि धावत पायऱ्या चढून आले. "सर, बरं झालं आलात! सांगा लवकर."

खालून आजोबांनी ओरडून विचारले, "कोण आलंय?"

"मयत आलेत, आजोबा!"

आजोबांनी तात्काळ तोंड नदीकडे फिरवले. "बघू नका त्याच्याकडे," ते भावाला म्हणाले. भावाची मान हलली नाही. "गुरुजी, मयताला विचारा, काय राहिलंय? आणि खरं सांग म्हणावं."

मी गुरुजींना सांगितले. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते खाली गेले आणि पंच्याची गाठ आवळत उभे राहिले.

"बोला की," आजोबा म्हणाले.

"सर म्हणतात… साहेबांनी त्यांच्या घरी येऊन जेवावं. एवढीच इच्छा आहे."

भावाचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. आयुष्यभर मी व्याकरणाचे पेच मुलांना समजावून सांगितले, पण इतका घट्ट पेच मला कोणत्याही ग्रंथात भेटला नव्हता. माझ्या घरी पाणी पिऊ नये म्हणून ही क्रिया होती. आणि माझ्या घरी जेवल्याशिवाय ही क्रिया पुरी होत नव्हती.

"ख्रिस्त्याच्या घरी जेवायचं?" आजोबा शेवटी म्हणाले. "मग हे सगळं कशासाठी केलं?"

"तेच ना, आजोबा," गुरुजी घड्याळाकडे पाहत म्हणाले. शिफ्टची वेळ झाली होती, आणि शिफ्ट माणसाला धीट करते. "पण ख्रिस्ती होते ते आता गेले ना? आपणच त्यांना पोचवलं."

"गेले. ते खरं."

"मग मेलेल्याच्या घरी जेवायला कसली अडचण? दिवसकार्याला आपण जेवतोच ना मेलेल्याच्या घरी?"

आजोबांनी काठी पायरीवर टेकवून विचार केला. तो विचार ते खऱ्या निष्ठेने करीत होते, हे मला दुरूनही दिसत होते, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. त्यांना माझा द्वेष नव्हता. त्यांना फक्त सगळे बरोबर व्हायला हवे होते. नियम माझ्यासाठी मोडणारा तो माणूस नव्हता, आणि म्हणूनच नियम मध्येच सोडून देणाराही नव्हता.

"मयताची इच्छा ठेवून चालत नाही," ते निर्णयाच्या स्वरात म्हणाले. "पुढं लग्नकार्य आहे. कबूल करा. पण तिथं जाऊन बोलायचं नाही त्याच्याशी. मयताशी बोलत नसतात. जेवायचं, उठायचं."

भावाने हात जोडले. त्याचा आवाज मला पायरीवर जेमतेम ऐकू आला. "दादा, मी येतो जेवायला."

फाफडा तोवर संपला असावा. एक कावळा बाकावरून उठला, पिंडापाशी उतरला, थोडे नाक मुरडल्यासारखे करून त्याने भात टोचला. लगेच दुसरा आला. "शिवला!" गुरुजी ओरडले आणि पंचा सोडून पँट चढवायला धावले. आजोबांनी समाधानाने मान डोलावली. मी मेलो होतो. मी रिक्षा शोधायला निघालो.

कारखान्याच्या पुढच्या सुटीला, दुपारी, बेल वाजली. भाऊ दारात उभा होता. डोक्यावर खुरटे केस उगवू लागले होते. तो माझ्याकडे न पाहता आत आला, हातपाय धुतले आणि पानावर बसला. मी वाढले. माझ्या पानावर बसून मी डोळे मिटले आणि नेहमीची प्रार्थना पुटपुटलो. डोळे उघडले तेव्हा त्याचा हात पानावर तसाच थांबलेला होता. त्याने पहिला घास घेतला नव्हता. प्रार्थना संपल्याचे पाहून मग घेतला.

आजोबांना दिलेला शब्द तो पाळत होता. जेवण निम्मे झाले तरी एक अक्षर बोलला नाही. मग भातात आमटी कालवताना तो भिंतीकडे पाहून म्हणाला, "आमचा दादा करायचा, तेव्हा आमटीत गूळ जरा जास्त असायचा."

मी उठलो, डब्यातून गुळाचा खडा आणला आणि त्याच्या वाटीत घातला. त्याने ढवळले, चाखले.

"हां," तो भिंतीला म्हणाला. "आता दादाची झाली."

मृताशी बोलायचे नव्हते. मृताविषयी बोलायला कोणी मनाई केली नव्हती. मीही समाचाराला आलेल्या शेजाऱ्यासारखा स्वर लावला. "कसा होता हो तुमचा दादा?"

"हट्टी," तो म्हणाला. "भयंकर हट्टी. मला न विचारता गेला."

"विचारायला हवं होतं."

"हवंच होतं. मी नाही म्हणालो असतो, तरी गेला असता. पण विचारायचं." त्याने घास घेतला, बराच वेळ चावत राहिला. "मी पण नंतर आलो नाही. घर समोर, सज्ज्यातून त्याची धोतरं दिसायची. तरी आलो नाही. लोक काय म्हणतील, कारखान्यात काय म्हणतील. सोसायटीच्या मीटिंगला त्याच्या इमारतीत गेलो, आणि लिफ्टमध्ये तो असला, की मी जिन्यानं जायचो." त्याने उचललेला घास पुन्हा पानात ठेवला. "माझ्या दादाबरोबर, लिफ्टमध्ये."

मी त्याच्या पानात भात वाढला. मग धीर करून विचारले.

"सुखात गेला का तुमचा दादा?"

तेव्हा त्याने भिंतीवरची नजर काढली आणि प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिले. बाप्तिस्म्यानंतर त्याचे डोळे मी जवळून पाहिले नव्हते.

"सुखात गेला," तो म्हणाला. "घाटावर मी पाहिलं त्याला. पायरीवर बसून एकटाच हसत होता. इकडे मी त्याचे पिंड घालतोय, आणि तो हसतोय. असं हसताना मी त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं."

"तुमची तर पाठ होती."

"चोरून पाहिलं." त्याने रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवली. "काय मिळालं रे तुला तिथं, दादा?"

मी वाटी भरली, त्याच्यासमोर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.